दहा हजार गेमचा डबा घेण्याआधी

भावाचा फोन आला तेव्हा गणपती नुकतेच गेले होते. "ताई, दिवाळीला आम्ही चौघं येतोय. पोरांना आपला व्हिडिओ गेम दाखवायचाय. ऑनलाइन एक मिळतोय, दोन हजारांच्या आसपास, दहा हजार गेम आहेत त्यात. मागवू का?" मी म्हटलं, तू थांब, मी मागवते. आधी उघडून बघते, मग सांगते.

उघडून बघणं हे माझं रोजचं काम. मिरजेत आमचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. बाबांनी सुरू केलं, आता मी चालवते. १९९४ पासून पाच-सहा वर्षं बाबांनी दुकानाच्या पुढच्या भागात दोन पोर्टेबल टीव्ही मांडून व्हिडिओ गेम तासावर खेळायला ठेवले होते. अर्ध्या तासाला तीन रुपये. शाळा सुटली की बाकावर दप्तरांची चळत लागायची. पैसे घेणं, घड्याळ बघणं आणि बिघडलेले रिमोट खोलून आतलं रबर पुसणं ही माझी कामं. सोल्डरिंग मी त्या रिमोटांवर शिकले. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. रात्री शटर अर्धं खाली आलं की दोन्ही रिमोट आमचे. कॉन्ट्रा आम्ही दोघांनी मिळून किती वेळा संपवला असेल, त्याचा हिशेब नाही.

त्यामुळे "रेट्रो गेम घ्यावा का" हा प्रश्न मला कुणी विचारला की मी तो हसण्यावारी नेत नाही. सप्टेंबर ते दिवाळी मी तीन नवी यंत्रं घेतली, माळ्यावरचं बाबांचं जुनं यंत्र खाली काढलं आणि चारही एकाच टेबलावर मांडली. जे दिसलं ते लिहिते.

आपण ज्याला नुसतं "व्हिडिओ गेम" म्हणायचो तो मुळात निन्तेन्दो कंपनीचा फॅमिकॉम. जुलै १९८३ मध्ये तो जपानात आला. आमच्या दुकानात होती ती त्याची नक्कल, आणि आमच्या कॅसेटही नकलाच होत्या, हे मला पुष्कळ नंतर कळलं. आतला प्रोसेसर सेकंदाला साधारण १८ लाख ठोके देणारा, आणि कामाची मेमरी फक्त २ किलोबाइट. मारिओचे ३२ टप्पे ४० किलोबाइटमध्ये बसवलेले आहेत. आज फोनवर काढलेला एक साधा फोटो याच्या पन्नासपट तरी जागा खातो. हे सांगायचं कारण असं, की खोक्यावरचा "१०,००० गेम" हा आकडा बघून कुणी हुरळून जाऊ नये. इतके छोटे गेम मेमरी कार्डात भरायला काहीच लागत नाही. फॅमिकॉमसाठी रीतसर निघालेले गेमच मुळी हजाराच्या आसपास होते. बाकीचे दुसऱ्या यंत्रांचे, तेच ते, किंवा एकाच गेमची जपानी आणि इंग्रजी आवृत्ती.

मग बघायचं काय? बटण दाबल्यावर पडद्यावरचा मारिओ किती वेळाने उडतो, ते. माझ्या मते या खरेदीतला हा पहिला प्रश्न आहे, आणि खोक्यावर त्याचं उत्तर कधीच छापलेलं नसतं.

हे घरी मोजता येतं. फोनच्या कॅमेऱ्यात स्लो मोशन असेल तर सेकंदाला २४० चौकटी टिपणारा पर्याय निवडायचा. फोन असा धरायचा की रिमोटवरचा अंगठा आणि टीव्ही दोन्ही दिसतील. बटण दाबायचं, मग व्हिडिओ एकेक चौकट पुढे सरकवत मोजायचं, बटण खाली गेल्यापासून उडी सुरू होईपर्यंत किती चौकटी गेल्या. एक चौकट म्हणजे चार मिलिसेकंदांहून किंचित जास्त. मी प्रत्येक यंत्रावर दहा-दहा वेळा मोजलं आणि सरासरी वहीत लिहिली. बाबांचं यंत्र जुन्या २१ इंची पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर लावलं तेव्हा ९ चौकटी आल्या. म्हणजे ३७ मिलिसेकंद. इतका उशीर हाताला जाणवतच नाही. अंगठा आणि मारिओ एकच.

आता ती दोन हजारांची स्टिक. कुणाची आहे ते सांगण्यात अर्थ नाही, एकाच साच्यातून निघालेल्या या स्टिक दहा नावांनी विकल्या जातात. टीव्हीच्या एचडीएमआयमध्ये खोचायची, सोबत दोन बिनवायरचे रिमोट, प्रत्येकाला दोन बारीक सेल. खोक्यावर "४के" लिहिलं होतं. टीव्हीच्या माहितीच्या पट्टीवर बघितलं तर स्टिककडून येणारं चित्र १२८० गुणिले ७२० होतं. गेम चालू केला. मारिओ पळाला, पहिला खड्डा आला, मी उडी मारली आणि मारिओ खड्ड्यात गेला. दुसऱ्यांदा गेला. तिसऱ्यांदाही गेला. तीस वर्षांपूर्वी हा खड्डा मी गिऱ्हाइकाला सुटे पैसे देता देता ओलांडत होते.

मोजलं तर ४१ चौकटी. १७१ मिलिसेकंद. आता हा आकडा खेळात कसा उतरतो ते बघा. हा खेळ सेकंदाला ६० चित्रं दाखवतो. पूर्ण वेगात पळणारा मारिओ एका चित्रात अडीच ठिपके पुढे जातो, आणि एक वीट १६ ठिपक्यांची. १७१ मिलिसेकंदांत दहा चित्रं जातात, म्हणजे २५ ठिपके. तुम्ही बटण दाबल्यापासून मारिओ उडेपर्यंत तो दीड वीट पुढे गेलेला असतो. ज्या मुलाने हा खेळ पहिल्यांदाच हातात घेतला, त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. ते मूल दहा मिनिटांत रिमोट खाली ठेवतं आणि पुन्हा मागत नाही. माझा या स्टिकवरचा खरा राग हा आहे.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये "गेम मोड" असतो, तो लावला की टीव्ही चित्र सुधारण्याच्या बऱ्याच खटपटी बंद करतो आणि उशीर कमी होतो. माझ्या टीव्हीवर ४१ वरून २९ वर आला. ज्यांनी स्टिक आधीच घेतली आहे त्यांनी हे आजच करून बघावं. पण १२० मिलिसेकंद हेही कॉन्ट्रासाठी पुष्कळच आहेत. शिवाय सेल उतरायला लागले की दुसऱ्या खेळाडूचा रिमोट मधूनच तुटायचा. दहा हजारांतले मी आणि दुकानातल्या मदतनीस मुलीने तीन दुपारी बसून पहिले पाचशे उघडले; त्यांत वेगळे म्हणता येतील असे दोनशेच्या आत निघाले. पुढचे उघडायची गरज वाटली नाही. स्टिक परत केली. परत करता आली, हे त्यातलं बरं.

दुसरं यंत्र सांगलीतल्या एका दुकानातून आणलं. हे दिसायला अगदी लहानपणीचं: राखाडी डबा, वर कॅसेटची खाच, वायरचे दोन रिमोट आणि नारिंगी बंदूक. साडेनऊशे रुपये. खोललं तर आत एक छोटासा बोर्ड आणि त्यावर काळ्या रेझिनचा गोल ठिपका. त्या ठिपक्याखाली सगळा फॅमिकॉम एका चिपमध्ये आहे. यात नवल नाही, स्वस्तही आहे, आणि गंमत म्हणजे हे यंत्र पिक्चर ट्यूबवर लावलं तर उशीर बरोबर ९ चौकटी. बाबांच्या यंत्राइतकाच. मात्र तेच घरच्या एलईडी टीव्हीवर पिवळ्या वायरने लावलं की २७. दोष यंत्राचा नाही. हे जुने गेम एका चित्रात जेवढ्या ओळी पाठवतात, ते नव्या टीव्हीला अर्धं चित्र वाटतं. मग टीव्ही दुसऱ्या अर्ध्याची वाट बघतो, दोन्ही जोडतो, मोठं करतो, गुळगुळीत करतो, आणि मग दाखवतो. त्यात वेळ जातो आणि अक्षरं पुसटही होतात. अनेक नव्या टीव्हींना तर पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांची जागाच नसते, हेडफोनसारखं एकच भोक असतं आणि त्याची वायर वेगळी घ्यावी लागते. घेण्याआधी टीव्हीची पाठ बघा.

बंदुकीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण दुकानात येणारा प्रत्येक बाप ती बंदूक बघून खोकं उचलतो. बदकाचा गेम १९८४ चा. बंदुकीतून काहीच बाहेर जात नाही. उलट तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक सेन्सर बसवलेला आहे. घोडा दाबला की खेळ एका चित्रापुरता पडदा काळा करतो आणि पुढच्या चित्रात फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. डोळ्याला तो नुसता लुकलुकल्यासारखा दिसतो. नेम बरोबर असेल तर सेन्सरला काळ्यानंतर पांढरं दिसतं आणि बदक पडतं. दोन बदकं असली तर चौकोनही पाठोपाठच्या दोन चित्रांत येतात, म्हणून कुठलं पडलं ते कळतं. हे सगळं पिक्चर ट्यूबच्या वेळेवर बांधलेलं आहे. एलईडीवर चौकोन उशिरा येतो, तोवर खेळाने "नेम चुकला" असं ठरवलेलं असतं. आणि एलईडीचा प्रकाश ट्यूबसारखा रेषेरेषेने धडधडतही नाही, तो सेन्सरला ओळखू येत नाही. तेव्हा एलईडी टीव्ही असलेल्या घरात ही नारिंगी बंदूक फक्त हातात धरायची वस्तू आहे. दुकानदारांनी हे विकताना सांगायला हवं. माझ्या दुकानात मी पाटीवर लिहून लावलं आहे.

या डब्याची एक गोष्ट मात्र मला गंभीर वाटली. सोबतचा अडॅप्टर. वर नऊ व्होल्ट छापलेले, मीटर लावला तर मोकळा साडेबारा दाखवत होता. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या अडॅप्टरमध्ये असं होतंच, लोड आला की व्होल्टेज खाली येतं. पण हा हलका, बारीक, आत ट्रान्सफॉर्मर म्हणावा असा नावापुरता, आणि वीस मिनिटांत हात लावता येईना इतका तापला. लहान मुलं जमिनीवर बसून खेळणार, वायर त्यांच्या पायात. मी तो फेकला आणि चांगल्या बनावटीचा, बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणीचा लावला. पिनेचं बघा मात्र: या यंत्रांत बऱ्याचदा मधली पिन उणे आणि बाहेरचा भाग अधिक असतो, हल्लीच्या बहुतेक अडॅप्टरांच्या उलटं. न बघता लावाल तर आतला रेग्युलेटर जाईल.

तिसरं म्हणजे हातात धरून खेळायचं यंत्र. अँबरनिक या चिनी कंपनीचं आरजी ३५ एक्सएक्स एच. आडवं, साडेतीन इंची पडदा, ६४० गुणिले ४८० ठिपके, १ जीबी रॅम, ३३०० एमएएचची बॅटरी. मला साडेसहा हजारांच्या आसपास पडलं. या किमतीला मी आधी कचरले होते. पडदा चालू केला आणि कचरणं गेलं. जुन्या बऱ्याच गेमचं चित्र २४० ओळींच्या घरातलं. ४८० म्हणजे बरोबर दुप्पट. एका ठिपक्याचे चार ठिपके, कुठेही ओढाताण नाही, धूसर नाही. मारिओच्या मिश्या मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट. उशीर १७ चौकटी, म्हणजे ७१ मिलिसेकंद. ट्यूबइतका कमी नाही, पण पहिल्या पाच मिनिटांत हात जुळला आणि मग तो विसरूनच गेले. बटणं घट्ट, दाबलं की कळतं. डाव्या हाताची अधिक-चिन्हाची कळ वर आहे, अंगठा आपोआप तिथे जातो.

सोबत आलेल्या कार्डावर मी विसंबले नाही. अशा यंत्रांबरोबरची कार्डं साधी असतात, म्हणून पहिल्याच दिवशी चांगल्या कंपनीच्या कार्डावर सगळं उतरवून घेतलं. तुम्हीही घ्या. प्लेस्टेशनच्या पहिल्या पिढीपर्यंतचे गेम याला झेपतात. त्यापुढचे झेपतील असं कुणी सांगितलं तर त्या भरवशावर घेऊ नका.

कार्डाचा विषय निघालाच आहे तर एक मोकळेपणाने लिहिते. या स्टिकमध्ये, डब्यात आणि अशा यंत्रांच्या कार्डात विक्रेते जे गेम भरून देतात, ते ज्यांनी बनवले त्यांच्या परवानगीशिवाय भरलेले असतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं संरक्षण संगणक प्रोग्रॅमलाही आहे, आणि यांतला एकही गेम अजून इतका जुना नाही की त्यावरचा हक्क संपावा. लहानपणी कळत नव्हतं, आज कळतं. मी दुरुस्तीच्या कामाचे पैसे घेते; दुसऱ्याच्या कामाचे देण्यात मला मागे राहायचं नाही. कॉन्ट्रा बनवणाऱ्या कोनामी कंपनीने २०१९ मध्ये त्याचे जुने गेम एकत्र करून संगणकासाठी आणि आजच्या कन्सोलसाठी काढले आहेत, तो संच मी विकत घेतला. त्याच वर्षी आलेला मायक्रो मेजेस हा गेम तर आजच्या लोकांनी या जुन्या यंत्रासाठी नव्याने बनवला आहे, तोही मारिओसारखाच ४० किलोबाइटमध्ये, आणि चौघांना एकत्र खेळता येतो. त्याची फाइल रीतसर विकत मिळते. मुलांना दाखवायला याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही.

आणि चौथं, बाबांचं. माळ्यावर एका गोणपाटात होतं. वरचं प्लास्टिक पिवळं पडलेलं. खोललं, आतले फुगलेले दोन कपॅसिटर बदलले, व्होल्टेजचा रेग्युलेटर नवा घातला, रिमोटमधलं काळं रबर स्पिरिटने पुसलं. सगळं मिळून सामान सव्वाशे रुपयांचं. कॅसेटच्या पिनाही स्पिरिटने कापसाच्या काडीवर पुसल्या. आपण सगळे फुंकर मारायचो. फुंकर मारल्यावर कॅसेट चालायची कारण ती काढून पुन्हा नीट बसवली जायची. तोंडातली ओल मात्र पिनांवर राहायची आणि त्या गंजायच्या. आमच्या निम्म्या कॅसेटींच्या पिनांवर हिरवट थर आहे, तो आमचाच. हे यंत्र टीव्हीला अँटेनाच्या वायरने जोडतात, मग टीव्हीचं चॅनल जुळवावं लागतं. मुंग्यांतून हळूहळू चित्र वर येतं. ते आलं तेव्हा मी एकटीच होते दुकानात, आणि पाच मिनिटं नुसती बघत उभी राहिले.

दिवाळीत भाऊ आला. नरकचतुर्दशीला फराळ झाल्यावर चौघं दुकानात. त्याची थोरली बारा वर्षांची, धाकटा आठचा. भावाने हातातलं यंत्र उचललं, कॉन्ट्रा लावला, आणि तिसऱ्या टप्प्यावर, धबधब्याच्या, त्याचे सगळे जीव गेले. तो म्हणाला, "ताई, हे पळतंय. आपला असा नव्हता." मी म्हटलं, वय झालं आपलं. पण मलाही आधीपासून तेच वाटत होतं आणि मी ते मनातच ठेवलं होतं. आतल्या खोलीतून बाबा बाहेर आले, उभ्याउभ्या ऐकलं आणि म्हणाले, "गाणं घाईत वाजतंय."

तिघांनाही तेच वाटतंय म्हटल्यावर मी मोजायला बसले. जुनं यंत्र आणि नवं यंत्र शेजारी ठेवून एकाच वेळी गेम सुरू केला. पहिल्या टप्प्याची नुसती पार्श्वधून ऐकली. जुनी मागे पडत गेली. नव्यावर जे एका मिनिटात झालं, त्याला जुन्यावर ७२ सेकंद लागले.

आकडा बघितल्यावर उलगडलं. जपान-अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवायचा, म्हणून मूळ गेम ६० च्या हिशेबाने बांधले. आपल्याकडचा टीव्ही ५० चा. दुकानातलं यंत्र आपल्या टीव्हीसाठीच बनवलेलं, तेही ५० वर चालायचं. गेम मात्र चित्रं मोजूनच पुढे सरकतो. सेकंदाला दहा चित्रं कमी मिळाली की सगळंच सहाव्या हिश्श्याने मंद. शत्रू मंद, गोळ्या मंद, उडी मंद. धूनही मंद, पण पट्टी तीच, म्हणून कधी संशय आला नाही. आम्ही जो कॉन्ट्रा संपवायचो तो हळू चालणारा कॉन्ट्रा होता. आमचे हात त्याच ठेक्यावर घडले.

हातातल्या यंत्रात गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या पर्यायांत "रीजन" म्हणून एक ओळ सापडली. त्यात एनटीएससी (जपान-अमेरिकेची ६० ची पद्धत), पाल (५० ची) आणि तिसरा पर्याय डेंडी. डेंडी हे रशियात १९९२ च्या सुमारास विकल्या गेलेल्या फॅमिकॉमच्या नकलेचं नाव. तीही ५० वर चालायची आणि तिच्यात सुरांची पट्टी मूळची राहायची, आमच्या यंत्रासारखीच. मी डेंडी निवडलं. पहिल्या टप्प्याची धून सुरू झाली आणि बाबा खुर्चीवर बसले. "हं," म्हणाले, "हे आपलं." भावाने यंत्र माझ्या हातातून ओढूनच घेतलं. धबधबा पार, बर्फ पार, आणि सातव्या टप्प्यावर दोन जीव शिल्लक. या पर्यायात पडदा सरकताना मधूनच बारीक हिसका दिसतो, कारण यंत्राचा पडदा स्वतः ६० चा आहे. तो मला चालतो.

थोरलीला मात्र ६० चाच आवडला. "आत्या, तुमचा स्लो आहे," म्हणाली आणि परत बदलून घेतला. तिच्या हाताला कुठला जुना ठेका नाही, तिच्यासाठी मूळ वेगच बरोबर आहे. धाकट्याने दोन्हीकडे पाठ फिरवली आणि मोठ्या टीव्हीसमोर बदकं मारत बसला. पिक्चर ट्यूबवर ती बंदूक चालते, आणि त्याने एका दुपारी शंभरावर बदकं पाडली.

मग घ्यावं का? माळ्यावर, मावशीकडे, गावच्या घरी जुनं यंत्र पडलेलं असेल तर पहिले पैसे त्याच्यावर घाला. बहुतेक वेळा आत फार काही बिघडलेलं नसतं. पिक्चर ट्यूबचा टीव्ही भंगारवाल्याकडे अजून चार-पाचशेत मिळतो. चौदा इंचीसुद्धा पुरे. फक्त त्याची पाठ स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहतात. जुनं काही नसेल आणि घरात ट्यूब आहे, तर साडेनऊशेचा राखाडी डबा घ्या, अडॅप्टर मात्र पहिल्या दिवशी बदला. घरात फक्त एलईडी असेल तर डबा नको, स्टिक तर नकोच. हातातलं यंत्र घ्या, महाग असलं तरी. दोन हजार वाया घालवून मग सहा खर्च करण्यापेक्षा थेट तिकडे जा. आणि ज्याला एकट्यालाच, रात्री झोपण्याआधी अर्धा तास खेळायचं आहे त्यानेही तेच घ्यावं.

हातातल्या यंत्राला एकच गोष्ट कमी पडते, आणि माझ्यासाठी ती लहान नाही. साडेतीन इंचांत दोघं मावत नाहीत. कॉन्ट्रा दोघांचा खेळ आहे. एकाने खालून गोळ्या झाडायच्या, दुसऱ्याने वरचा पूल धरायचा, एकाचे जीव संपले की दुसऱ्याचा एक उसना घ्यायचा. मी बारीक एचडीएमआय वायरने ते टीव्हीला लावून बघितलं, गेम मोडमध्ये २४ चौकटी उशीर आला. मुलांना तेवढा चालला, मला आणि भावाला नाही. मग भाऊबीजेच्या रात्री आम्ही बाबांचंच यंत्र लावलं, शटर अर्धं ओढलं आणि पहिल्या टप्प्यापासून सुरुवात केली. तीस जिवांचा कोड त्याला अजून पाठ होता: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए.

परत जाताना तो हातातलं यंत्र नाशिकला घेऊन गेला, पोरांसाठी. मी त्याला अजून एक चांगलं कार्ड बरोबर दिलं. माळ्यावरचं आता माळ्यावर गेलेलं नाही. दुकानाच्या पुढच्या भागात, त्याच जागी, चौदा इंची टीव्हीखाली ठेवलं आहे. टीव्ही दुरुस्तीला आणणाऱ्यांबरोबरची मुलं खेळतात. दुसऱ्या रिमोटचं ए बटण अजून जरा अडखळतंय, त्याचं रबर सांगलीहून मागवलं आहे, गुरुवारी येईल.